तोकाऊचं मागणं

"मेलेआ आम्हाला द्या," मी म्हणालो.

तोकाऊ चटईवर बसून पायाच्या अंगठ्यात दोरी अडकवून बास्केटबॉलच्या रिंगचं जाळं विणत होता. त्याचे हात थांबले. थांबले म्हणजे किती, तर एक गाठ आवळायची राहून जावी एवढाच वेळ. मग त्याने ती गाठ आवळली आणि म्हणाला, "घ्या."

मी चकितच झालो. आपल्याकडे मुलीला शेजारच्या जिल्ह्यात सामन्यांना पाठवायचं म्हटलं तरी बापाच्या घरी चार खेपा घालाव्या लागतात. सोबत कोण, राहणार कुठे, अभ्यासाचं काय, लोक काय म्हणतील. गणिताचा मास्तर असल्यामुळे मी या सगळ्याची उत्तरं क्रमाने जुळवून आणली होती. ती सगळी सिद्धता वाया गेली.

"दोनच आठवड्यांचा प्रश्न आहे," तरी मी म्हणालो. "स्पर्धा संपली की मी स्वतः आणून सोडीन."

"तुम्ही मागितलीत, मी दिली. आता त्यात मी काय बोलायचं?"

मेलेआ, म्हणजे त्याची एकोणीस वर्षांची एकुलती एक मुलगी, झोपडीमागे मासे साफ करत बसली होती. सुरीचा आवाज मध्येच बंद पडला आणि मग दुप्पट वेगाने सुरू झाला. माझ्या शेजारी आमच्या महासंघाचे अध्यक्ष आरोबा बसले होते. ते पूर्ण वेळ स्वतःच्या पायाच्या बोटांकडे पाहत होते. परतताना पिकअपमध्येही ते चकार शब्द बोलले नाहीत. एरवी या गृहस्थांच्या तोंडाला कुलूप कसलं ते ठाऊक नव्हतं. मी मात्र मजेत शीळ घालत होतो. महासंघ वाचला होता ना!

रावेता नकाशात शोधायला जाऊ नका. पॅसिफिकच्या निळ्या पानावर माशी बसून उडाली असावी एवढा तो देश. तिथे मी नागपूरहून गणित शिकवायला गेलो होतो, तीन वर्षांच्या करारावर. खरं सांगायचं तर शिकवायला गेलो नव्हतो, पळून गेलो होतो. माझी बायको कुमुद जाऊन दोन वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. धरमपेठेतल्या आमच्या दोन खोल्या संध्याकाळी सहा ते नऊ या वेळात मला अक्षरशः खायला उठायच्या. पेपरात जाहिरात दिसली आणि मी अर्ज टाकला. बावन्न वर्षांच्या माणसाला एवढ्या लांब कोण बोलावतंय असं वाटलं होतं, पण बोलावलं बुवा.

पहिल्याच संध्याकाळी मुख्याध्यापिकाबाईंच्या घरी माझ्या स्वागताचं जेवण होतं. भाजलेला मासा, फणसासारख्या एका फळाच्या उकडलेल्या फोडी, नारळाचं दूध. ताट माझ्यासमोर आलं. मी दिवसभराचा उपाशी होतो. पण अंगात मुरलेली सवय! मी म्हणालो, "नको नको, भूक नाही फारशी." बाईंनी मान डोलावली आणि ताट पुढे सरकवलं. ते गेलं ते गेलंच. मी वाट पाहत बसलो, की आता कोणीतरी म्हणेल, अहो असं कसं, थोडं तरी घ्या. कोणी म्हणालं नाही. त्या बेटावर एकदा विचारतात. तुम्ही हो म्हणा किंवा नाही, दुसऱ्यांदा विचारायची पद्धत नाही. त्या दिवशी मी सोबत आणलेल्या चिवड्यावर भागवलं आणि दोन दिवसांत शहाणा झालो. ताट आलं की आधी हात पुढे करायचा. निदान खाण्याच्या बाबतीत तरी मी शिकलो.

बास्केटबॉल मी कॉलेजात असताना खेळलो होतो, पुढे विदर्भात पंचगिरीही केली होती. हे आरोबांना कळलं मात्र, तिसऱ्या महिन्यात मी रावेता राष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाचा मानद सचिव झालो. राष्ट्रीय महासंघ म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर काय येईल ते येवो. आमचा महासंघ धक्क्यावरच्या खोबऱ्याच्या गोदामाला लागून असलेल्या एका खोलीत होता. एक टेबल, घटनेची प्रत ठेवलेलं एक कपाट, रबरी शिक्का, हवा भरायचा पंप आणि दोन चेंडू. अध्यक्षांची स्वतःची बेकरी होती, त्यामुळे बैठकीला पाव असायचा. सचिव होण्यासाठी पात्रता एकच होती, इंग्रजीत पत्र लिहिता आलं पाहिजे.

मैदानही एकच. सिमेंटचं, गोदामाच्या मागे. पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून बांधणाऱ्याने त्याला समुद्राच्या बाजूला उतार दिला होता. हा उतार इतका होता, की चेंडू जमिनीवर ठेवला तर आपणहून निघायचा. रिंगा जहाजाच्या लोखंडाच्या. बाहेरून आलेली जाळी खाऱ्या हवेत तीन महिन्यांत कुजायची, म्हणून ती तोकाऊ विणून द्यायचा. तो मूळचा कोळ्यांची जाळी दुरुस्त करणारा. माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठा, बायको वारलेली, लेक आणि तो अशी दोघंच. त्याने विणलेलं जाळं दोन-दोन वर्षं टिके. चेंडू त्यातून गेला की असा नेमका आवाज येई, की चुकलेल्या खेळाडूलाही पुन्हा टाकून पाहावंसं वाटे.

मी सचिव झालो आणि कपाटातली जुनी पत्रं काढून बसलो. त्यात आंतरराष्ट्रीय संघटनेचं एक पत्र सापडलं. रावेताने लागोपाठ दोन प्रादेशिक स्पर्धांत महिला संघ पाठवला नव्हता. तिसऱ्यांदा पाठवला नाही तर सदस्यत्व स्थगित. म्हणजे चेंडू बंद, पंचांचं प्रशिक्षण बंद, आणि हा देश त्या खेळापुरता पुसला गेला. संघात किमान आठ खेळाडू हव्यात. आमच्याकडे होत्या सात. आठवी मेलेआ. उंचीला जवळपास सहा फूट, आणि उतारावर खेळून अशी तयार झालेली की उंचावरचा चेंडू तिच्या हातून सुटत नसे. पण ती बेट सोडून कधी कुठे गेली नव्हती.

"तुम्हीच विचारा तोकाऊला," आरोबा म्हणाले होते. "तुम्ही मास्तर. तुम्ही विचारलेलं बरं दिसेल."

मी विचारलं. पुढचं मघाशी सांगितलंच आहे.

स्पर्धेत आम्ही चारही सामने हरलो. शेवटचा तीन गुणांनी, म्हणजे आमच्या मानाने जिंकलोच. सदस्यत्व टिकलं. सपाट मैदानावर आमच्या मुलींना सुरुवातीला चालताही येईना, तोल जायचा. मेलेआचा मात्र गेला नाही. तिसऱ्या सामन्यानंतर न्यूझीलंडच्या एका कॉलेजची प्रशिक्षक बाई मला शोधत आली. चार वर्षांचं शिक्षण, राहणं, जेवण, खेळ, सगळं कॉलेजकडून. फक्त पालकाची संमती परवा सकाळपर्यंत हवी.

मी रेडिओ-टेलिफोनवरून बेटावरच्या टपाल कचेरीत निरोप दिला. आरोबा तोकाऊला घेऊन आले. आवाजात खरखर फार होती. मी ओरडून ओरडून सगळं सांगितलं आणि विचारलं, "तुमची इच्छा काय?"

"तुम्ही मागितलीत," तिकडून तोकाऊचा आवाज आला. "तुम्हाला दिली. तुम्हीच ठरवा."

"अहो पण बाप तुम्ही आहात!"

"तुम्ही ठरवा, मास्तर."

केवढा हा विश्वास, असं वाटलं. मेलेआ बाहेर बाकावर गुडघे जवळ घेऊन बसली होती. मी तिला म्हणालो, "बाबा म्हणतात मी ठरवायचं. तुला काय वाटतं?"

"त्यांनी असंच म्हणायचं असतं," ती म्हणाली. "तुम्ही ठरवा."

शिकायची संधी आहे, असं चालून आलेलं कोण सोडतं, असा माझा साधा हिशोब. मी सही केली. महासंघाचा शिक्काही मारला, जरा जोरातच.

परतलो तेव्हा तोकाऊ धावपट्टीवर उभा होता. विमानातून मुली एकेक उतरल्या. त्याने मोजल्या असाव्यात, कारण सातवी उतरल्यावर त्याने शिडीकडे पाहायचं सोडून दिलं. तो पुढे आला, माझी बॅग माझ्या हातातून घेतली आणि म्हणाला, "चला, ऊन फार आहे."

दुसऱ्या दिवसापासून तो रोज चार वाजता महासंघाच्या खोलीत येऊ लागला. मी शाळेतून यायचो, खिडकी उघडायचो, टेबलावरची धूळ झटकायचो, तेवढ्यात दारात त्याची सावली पडायची. दोरीचं भेंडोळं घेऊन तो कोपऱ्यात बसायचा. बोलणं फारसं नाही. मी पत्रं लिहायचो, तो विणायचा. बाहेर मुलं उतारावर खेळायची. साडेपाचला आम्ही एकच शहाळं दोघांत प्यायचो. खरं सांगतो, कुमुद गेल्यापासून माझी संध्याकाळ पहिल्यांदाच मला खायला उठेनाशी झाली.

मेलेआची पत्रं पंधरा दिवसांच्या विमानाने यायची आणि ती माझ्या नावाने यायची. मानद सचिव, बास्केटबॉल महासंघ. मला ते विचित्र वाटायचं. बापाला का लिहीत नाही ही मुलगी? तोकाऊला वाचता येत नव्हतं, म्हणून माझ्याकडे पाठवत असेल अशी मी समजूत करून घेतली. मी वाचून दाखवायचो. थंडी फार आहे, जेवणात मटण फार असतं, सराव पहाटे असतो, मधल्या सुट्टीत कोणाशी बोलावं कळत नाही. तो ऐकायचा. पत्र संपलं की विचारायचा, "पाऊस पडतो का तिकडे?" पत्रात पाऊस असो-नसो, मी म्हणायचो, "पडतो की." मग त्याला बरं वाटायचं. पुढे पुढे पत्रं विरळ झाली. तो मात्र विमान आलं की तसाच सरळ होऊन बसायचा.

आणि विणायचा. बेटावर रिंगा दोन. दोन रिंगांना पुरून पुढच्या वीस वर्षांची बेगमी होईल इतकी जाळी त्याने विणली. कपाटाच्या दाराला, खिडकीच्या गजांना, माझ्या खुर्चीच्या पाठीला, सगळीकडे जाळी. शेवटच्या वर्षी तर त्याने एक भलंमोठं काहीतरी विणायला घेतलं. जाड दोरी, दोन हात रुंदी, पुरुषभर लांबी.

"हे कोणत्या रिंगचं हो?" मी चेष्टेने विचारलं. "हत्ती टाकायचाय का यातून?"

त्याने हत्ती पाहिला नव्हता. मी मुलांच्या वहीत चित्र काढून दाखवलं. तो खूप हसला. त्याला इतकं हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. पण ते कशासाठी, हे त्याने सांगितलं नाही.

आरोबांच्या बेकरीत भिंतीवर एक मोठं घड्याळ होतं, सेकंदकाटा लांबूनही दिसेल असं. सामन्याला वेळ मोजायला ते उत्तम होतं. एकदा बोलता बोलता मी म्हणालो, "हे घड्याळ महासंघाला द्या ना." त्यांनी तत्क्षणी काढून दिलं. पुढचे तीन दिवस गावाने करपलेला पाव खाल्ला. चौथ्या दिवशी मुख्याध्यापिकाबाईंनी मला वर्गाबाहेर बोलावलं.

"मास्तर, रागावू नका. पण तुम्ही असं मागत जाऊ नका हो."

"घड्याळाबद्दल म्हणता? त्यांनी आपणहून दिलं."

"आपणहून कसलं! तुम्ही मागितलंत. मागितल्यावर आमच्यात नाही म्हणत नाहीत. म्हणताच येत नाही. नाही म्हणणारा माणूस बेटावर तोंड दाखवू शकत नाही. म्हणून आम्ही कोणाकडे काही मागायच्या आधी शंभरदा विचार करतो. जे दिल्याने माणूस मोडेल ते मागायचंच नाही."

मी वर्ग तसाच सोडला आणि तडक बेकरीत गेलो. आरोबा पीठ मळत होते.

"तोकाऊ मला नाही म्हणू शकत नव्हता?"

त्यांनी मळणं थांबवलं नाही. "नाही."

"आणि मागितलेलं माणूस मागणाऱ्याचं होतं? म्हणून ती पत्रं माझ्या नावाने लिहिते?"

"हो."

"हे तुम्ही मला आधी का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तुम्ही मागितली असतीत?" आरोबा म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते, हात पिठात. "रावेताचा कोणीही माणूस विधुराकडे त्याची एकुलती एक मुलगी मागणार नाही. मीही नसती मागितली. पण महासंघ जात होता, मास्तर. आणि तुम्ही बाहेरचे."

मला त्यांचा संताप आला, आणि त्याहून माझा आला. गणिताचा मास्तर, आणि एवढं सोपं उत्तर दिसलं नाही. त्या दिवशी चार वाजता तोकाऊ आल्या आल्या मी त्याच्यासमोर जमिनीवर बसलो.

"मला माहीत नव्हतं हो," मी म्हणालो. "मी माझं मागणं परत घेतो. मेलेआला आजच पत्र लिहितो."

"मागणं परत घेता येत नाही. पोरगी शिकतेय, शिकू दे." त्याने दोरी सोडवत सोडवत सांगितलं. "पण आमच्यात असं आहे, ज्याने मागितलं त्याच्याकडे मागता येतं. माझं एक मागणं तुमच्याकडे आहे."

"मग मागा ना! आत्ता मागा. काय वाट्टेल ते मागा."

"अजून नाही," तो म्हणाला आणि ते भलंमोठं जाळं पुढे ओढून घेतलं.

करार संपत आला. नवा करार करायचा का असं शाळेने एकदा विचारलं होतं, आणि मी "बघू" म्हणालो होतो. त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं नाही. मंगळवारच्या विमानाचं तिकीट आलं. सोमवारी चार वाजता मी खोली आवरत होतो. तोकाऊ आला. त्या दिवशी त्याच्या हातात दोरी नव्हती, गुंडाळलेली चटई होती. त्याने ती खोलीच्या मधोमध अंथरली, तिच्यावर बसला, धुतलेला सदरा नीट केला. मलाही समोर बसायची खूण केली. मागणं असं मागतात, हे मला आता माहीत होतं.

"मास्तर," तो खाली पाहत म्हणाला, "तुम्ही जाऊ नका. माझ्या घरी राहा."

मी तुम्हाला काय सांगू! आनंद झाला. मी जायचं कुठे होतं? कुणाकडे? त्या दोन बंद खोल्या आणि सहा ते नऊ. तीन वर्षांत नागपूरहून मला एकूण पाच पत्रं आली होती, त्यातली दोन वीज मंडळाची. मला राहायचं होतं. हे मला त्याने विचारलं त्या क्षणी कळलं.

आणि मी म्हणालो, "छे छे, भलतंच काय! तुम्हाला कशाला उगीच त्रास? नको, नको."

पंचावन्न वर्षं तोंडात बसलेले शब्द. आई शेजारणीला असंच म्हणायची, मी सासऱ्यांना असंच म्हणायचो, कुमुदला बघायला गेलो तेव्हा पोह्यांच्या बशीलाही मी हेच म्हणालो होतो. समोरच्याने हात धरायचा असतो. अहो त्रास कसला, माझ्या गळ्याची शपथ, असं म्हणायचं असतं. मग आपण हो म्हणायचं असतं. माझं हो जिभेवर तयार होतं. मी वाट पाहत होतो.

तोकाऊने मान वर केली. माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता त्याच्या चेहऱ्यावर. ज्याच्याकडे बघायला कोणी शिकवलेलंच नाही अशा गोष्टीकडे माणूस बघेल, तसा तो बघत होता. मग तो उठला, चटई गुंडाळली आणि गेला.

आता येईल, मला वाटलं. जरा वेळाने येईल. साडेपाच वाजले. शहाळं मी एकट्याने प्यायलो. उद्या सकाळी येईल, धावपट्टीवर येईल.

सकाळी धावपट्टीवर आरोबा होते, शाळेतली मुलं होती, आठपैकी सात खेळाडू होत्या. "तोकाऊ?" मी विचारलं.

"पहाटेच होडी घेऊन गेला. खडकांच्या बाहेर." आरोबांनी मान खाली घातली. "कालचं कळलं सगळ्यांना. रावेतात आजवर कोणी कोणाला नाही म्हटलेलं नाही, मास्तर. नकार ऐकावा लागलेला तो पहिलाच. त्याला आता लोकांना तोंड दाखवायची चोरी झालीय."

"अहो, मी नाही म्हटलंच नव्हतं!"

"मग काय म्हटलंत?"

तुम्ही म्हणाल, मग थांबायचं होतंत. पंधरा दिवसांनी दुसरं विमान होतं. तिकीट फाडून टाकायचं, धक्क्यावर जाऊन बसायचं, होडी आली की पाण्यात उतरून सांगायचं, हो, हो, राहतो. हे सगळं मला तिथेच सुचलं होतं. शिडीच्या प्रत्येक पायरीवर मी थांबलो. मागे वळून पाहिलं. एवढी माणसं उभी होती. एकाने म्हणावं, राहा. एकाने नुसता हात धरावा. पण एकदा विचारून झालं होतं. मी आग्रहाची वाट पाहत पाहत विमानात जाऊन बसलो.

नागपुरातून मी तोकाऊला चार पत्रं लिहिली, आरोबांच्या पत्त्यावर. वाचून दाखवा म्हटलं. उत्तर आलं नाही.

सहा वर्षांनी महासंघाच्या कागदावर पत्र आलं. तोच माझ्या वेळचा शिक्का, किंचित तिरका. खाली सही, मेलेआ, मानद सचिव. शिक्षण संपवून ती काही वर्षं तिकडेच नोकरी करत होती. बाप गेल्याचं कळल्यावर बेटावर परतली आणि राहिली. महासंघाचं बरं चाललं होतं. मुलींचे आता तीन संघ होते आणि जाळी अजून तोकाऊचीच चालू होती. मैदानाला उतार तसाच होता. आणि शेवटी तिने लिहिलं होतं:

"मास्तर, एक विचारायचं आहे. बाबांनी घराला एक खोली नवी काढलेली दिसली. त्यात एक खाट आहे. लाकडाची चौकट आणि जाड दोरीचं विणलेलं जाळं. आमच्याकडे खाटेवर कोणीच झोपत नाही, आम्ही सगळे जमिनीवर. बाबाही शेवटपर्यंत जमिनीवरच झोपले. शेजारी म्हणतात, तुम्ही गेलात त्याच्या आधीपासून ती तयार होती. ही कोणासाठी केली असेल, तुम्हाला काही माहीत आहे का?"

तोकाऊला मी एकदा सांगितलं होतं, की माझी पाठ दुखते आणि मला जमिनीवर झोप येत नाही. ते मी विसरलो होतो.

मी तिला उत्तर लिहिलं. ती खाट माझी आहे, एवढंच लिहिलं. पुढचं लिहायला बसलो आणि लिहिता आलं नाही.

आता मी ऐंशीच्या घरात आहे. हल्ली कोणी काही विचारलं की मी पहिल्याच खेपेला हो म्हणतो. चहा? हो. बसता का थोडं? हो. पलीकडच्या ब्लॉकमधल्या सूनबाई एकदा दारातून सहज म्हणाल्या, "काका, जेवायला येता का आमच्याकडे?" आणि मी त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत चपला घातल्या. त्या बिचाऱ्या गोंधळल्या. घरात वरणभातच होता. नंतर जिन्यात कोणाला तरी सांगत होत्या, काका जरा हावरट झालेत वयामुळे.

म्हणू देत. तेव्हापासून त्यांनी विचारलेलं नाही. मी मात्र सहा वाजले की दाराची कडी काढून ठेवतो.